सांगोल्याचे आमदार : गणपतराव देशमुख यांची पाच दशके

राज्याचा राजकीय इतिहास सांगताना आपल्याकडे मुख्यमंत्र्यांची नामावळी हाताशी घेतली जाते. यशवंतराव चव्हाणांचा काळ, वसंतराव नाईकांचा काळ, वसंतदादांचा काळ अशी त्याची प्रकरणे पडतात. ही मांडणी सोयीची खरी; परंतु तिच्यातून एक माणूस नेहमीच निसटतो. तो म्हणजे विरोधी बाकांवर बसून वर्षानुवर्षे आपल्या तालुक्याचे तेच ते प्रश्न मांडणारा आमदार. त्याच्या नावाने कालखंड ओळखला जात नाही, त्याच्या सहीने शासन निर्णय निघत नाहीत, आणि त्याच्या भाषणांचे खंडही क्वचितच प्रसिद्ध होतात. तथापि विधिमंडळ ही संस्था चालते ती पुष्कळशी अशाच माणसांच्या चिकाटीवर.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे असे आमदार होते. १९६२ ते २०१४ या काळात एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाच्या वतीने ते अकरा वेळा निवडून आले. ३० जुलै २०२१ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी त्या वेळी पुष्कळ सांगितल्या गेल्या. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख तर सर्वतोमुखी होती. या गोष्टी खऱ्या आहेत. परंतु तेवढ्यावर त्यांच्या कारकिर्दीचे मोल ठरत नाही. इतकी वर्षे एका माणसाला निवडून देऊन सांगोल्याने काय मिळवले आणि काय मिळवायचे राहून गेले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार आम्ही करणार आहोत.

धरणाखालचा प्रदेश

हा लेख आम्ही खडकवासल्याच्या परिसरातून लिहीत आहोत. सांगोल्याच्या आमदाराविषयी येथून का लिहावे, असे वाचकांस वाटेल. त्याचे उत्तर पाण्यात आहे. १८७० च्या दशकात ब्रिटिश अभियंता फाइफ यांच्या योजनेनुसार मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले गेले. पुणे शहर व लष्कर छावणी यांना पिण्याचे पाणी आणि पूर्वेकडील कोरड्या भागाला शेतीचे पाणी, असा त्याचा दुहेरी हेतू होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. पुढे दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली. वरसगाव आणि टेमघर यांची त्यांत भर पडली. आज या चार धरणांत मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी साठते आणि ते सगळे वाटण्याची जागा म्हणजे खडकवासला.

येथून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हवेली आणि दौंड तालुके ओलांडून सुमारे २०० किलोमीटरवरच्या इंदापुरापर्यंत जातो. नदीत सोडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात पोहोचते. उजनीच्या खाली भीमा पंढरपुराशी चंद्रभागा होते, आणि पंढरपूरच्या दक्षिणेस तीसेक किलोमीटरवर सांगोला आहे. नकाशावर पाहिले तर एकाच खोऱ्यातली ही दोन टोके. एका टोकाला सह्याद्रीचा पाऊस अडवणारी धरणे, दुसऱ्या टोकाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा, माण नदीच्या कोरड्या पात्राकडे पाहत बसलेला तालुका. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला पाणी ही निसर्गाची देणगी वाटते. जेथे ते पोहोचत नाही तेथील माणसाला मात्र ते राजकारण आहे, हे लहानपणीच कळते. गणपतरावांची सारी कारकीर्द या दुसऱ्या जाणिवेतून घडली.

पक्ष आणि माणूस

गणपतरावांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ चा. कुटुंब धनगर समाजातले, मूळ गाव मोहोळ तालुक्यातील पेनूर. शिक्षणासाठी ते पुण्यास आले. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली आणि शेतकरी कामगार पक्षाच्या कामात पडले.

या पक्षाचा उगम तरुण वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ च्या सुमारास, केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी त्याची उभारणी केली. काँग्रेसचे राज्य आले तरी ते शेतकरी-कष्टकऱ्यांचे राज्य होईल याची त्यांना खात्री वाटत नव्हती. सत्यशोधकी परंपरेतून आलेली ही माणसे मार्क्सवादाकडे वळली होती. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पक्षाने मोठा वाटा उचलला. परंतु काळाची गती अशी की ज्यांनी पक्ष स्थापन केला ते जेधे आणि मोरे दोघेही काही वर्षांत काँग्रेसमध्ये परतले. संस्थापक निघून गेले. खालच्या फळीतले वकील, शिक्षक आणि शेतकरी मात्र लाल बावटा धरून राहिले. गणपतराव त्यांतलेच.

१९६२ ची निवडणूक ही महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची पहिली विधानसभा निवडणूक. २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. शेतकरी कामगार पक्षाचे १५ उमेदवार निवडून आले आणि त्यांत पस्तिशीतला हा वकील होता. १९६७ मध्ये पक्षाच्या जागा १९ झाल्या. तो त्याच्या विधानसभेतील बळाचा कळस होता. त्यानंतर १९७८ मध्ये १३, १९९० मध्ये ८, १९९९ मध्ये ५ आणि २००४ मध्ये अवघ्या २, अशी ओहोटी लागली. २०१४ मध्ये, वयाची ८८ वर्षे पूर्ण झाल्यावर, गणपतराव अकराव्यांदा निवडून आले, तेव्हा २८८ जणांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे तिघे होते.

हे आकडे आम्ही मुद्दाम दिले. एका बाजूने माणसाचे विजय वाढत जातात आणि दुसऱ्या बाजूने त्याचा पक्ष आक्रसत जातो, हे दृश्य आपल्या राजकारणात विरळाच. ज्याला निवडून येण्याची खात्री आहे अशा आमदाराला मोठ्या पक्षांची दारे नेहमीच उघडी असतात. पश्चिम महाराष्ट्रात तर पक्ष बदलण्याला फारसे लाजिरवाणे मानण्याची रीतच उरलेली नाही. मतदारसंघाच्या विकासासाठी सत्तेबरोबर जावे लागते, हे त्याचे नेहमीचे समर्थन. गणपतरावांनी ते समर्थन कधी वापरले नाही. मग सत्तेबरोबर न जाता त्यांनी मतदारसंघासाठी काय केले, हे पाहणे प्राप्त आहे.

विरोधी बाकांवरची हत्यारे

पाच दशकांहून अधिक काळात गणपतराव मंत्री होते ते केवळ दोनदा. पहिल्यांदा जुलै १९७८ मध्ये स्थापन झालेल्या शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. दुसऱ्यांदा १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात. २००२ मध्ये पक्षाने पाठिंबा काढून घेतला आणि मंत्रिपद गेले. दोन्ही मुदती मिळून चारेक वर्षे भरतात. उरलेला सगळा काळ विरोधी बाकांवर गेला.

विरोधी आमदाराच्या हाती तिजोरी नसते. त्याच्या हाती असतात ती विधिमंडळाच्या नियमांनी दिलेली आयुधे. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न येतात. लक्षवेधी सूचना मांडली की तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर निवेदन करावे लागते. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना देऊन एखाद्या खात्याच्या कारभाराचे वाभाडे काढता येतात. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीच्या नोंदीत जातो आणि तो पाळला की नाही याची विचारणा होते. ही सगळी साधने वरकरणी किरकोळ वाटतात. एखाद्या प्रश्नाने कोणताही कालवा वाहू लागत नाही. परंतु तोच प्रश्न दर अधिवेशनात, आकडेवारीसह, मागच्या वेळी दिलेल्या उत्तराची आठवण करून देत कोणी विचारू लागला, तर खात्यातल्या अधिकाऱ्यालाही ती फाईल खाली दडपून ठेवणे अवघड होते.

येथेच दीर्घ कारकिर्दीचा खरा उपयोग आहे. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, सरकारे जातात. १९६५ साली कोणत्या मंत्र्याने काय सांगितले होते, हे १९८५ साली सभागृहात उभे राहून सांगणारा माणूस त्या संस्थेची स्मरणशक्ती असतो. गणपतराव बोलायला उभे राहिले की दोन्ही बाजू ऐकत, त्याला वयाचा मान हे एक कारण होते आणि पाठीमागे असलेला हा साठा हे दुसरे. आवाज चढवून किंवा कामकाज बंद पाडून सभागृह गाजवण्याची प्रथा पुढे रूढ झाली. त्या प्रथेच्या आधीच्या पिढीतले ते शेवटच्या काही जणांपैकी होते.

दोन पराभव

सरळ रेषेत चढत गेलेली ही कारकीर्द नव्हे. सांगोल्याच्या मतदारांनी त्यांना दोनदा घरी बसवले, आणि दोन्ही वेळा त्या तालुक्याच्या दृष्टीने काळ मोठा कसोटीचा होता.

पहिला पराभव १९७२ च्या निवडणुकीत झाला. त्याच वेळी महाराष्ट्रावर त्या पिढीने पाहिलेला सर्वांत भीषण दुष्काळ कोसळला होता. माणदेशात विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, आणि एरवी घराबाहेर न पडणाऱ्या बायका खडी फोडण्याच्या कामावर उन्हात बसल्या. 'सुकडी' हा शब्द त्या काळाने मराठीला दिला. दुष्काळी कामे, मजुरी आणि धान्य यांसाठी डाव्या पक्षांनी गावोगाव मोर्चे काढले. ज्या प्रश्नांसाठी गणपतराव राजकारणात आले होते तेच प्रश्न ऐरणीवर असताना ते सभागृहाबाहेर होते. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले.

त्या दुष्काळातून राज्याला एक मोठी गोष्ट मिळाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी पूर्वीच मांडलेली रोजगार हमीची कल्पना दुष्काळी कामांच्या अनुभवाने पक्की झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे ही शासनाची कृपा न राहता त्या माणसाचा हक्क झाला. कायदा अमलात आला तेव्हा गणपतराव मंत्रिमंडळात होते. देशाने असा कायदा करायला पुढे २००५ साल उजाडावे लागले.

दुसरा पराभव १९९५ चा, तोही अगदी थोड्या मतांनी. त्या वर्षी राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातला ५६० अब्ज घनफुटांचा वाटा महाराष्ट्राला दिला होता आणि मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. त्याआधी धरणे आणि उपसा योजना उभ्या करून हे पाणी वापरात आणले पाहिजे, अशी घाई सुरू झाली. कोणत्या तालुक्याला किती पाणी, कोणती योजना आधी, कोणती नंतर, हे ठरत होते. आणि सांगोल्याचा जुना आमदार पुन्हा सभागृहाबाहेर होता.

पराभूत पुढारी काय करतो यावरून त्याच्या मागच्या विजयांचा अर्थ लागतो. काही जण रुसतात, काही जण पक्ष बदलतात, काही जण महामंडळ मागतात. गणपतराव दोन्ही वेळा त्याच तालुक्यात, त्याच लोकांत, त्याच कामाला लागलेले दिसतात. १९९९ मध्ये लोकांनी त्यांना परत पाठवले, आणि त्यानंतर २०१९ मध्ये वयपरत्वे स्वतः थांबेपर्यंत ते हरले नाहीत.

पाण्याची परिषद

१९९३ मध्ये आटपाडी येथे पाणी परिषद भरली. सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी संघर्ष चळवळीचा तो आरंभ. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही त्यातली प्रमुख नावे. परिषद एकदा भरवून मंडळी थांबली नाहीत. ती वर्षानुवर्षे भरत राहिली. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी पठारावर आणावे, आणि ते जमिनीच्या मालकीनुसार न वाटता प्रत्येक कुटुंबाला समान वाटा द्यावा, अशी तिची मागणी होती. समन्यायी पाणीवाटप हा शब्द आज शासकीय कागदांतही आढळतो. तो रूढ करण्यात या चळवळीचा मोठा हात आहे.

नागनाथअण्णांविषयी येथे थोडे अधिक सांगितले पाहिजे. ते वाळव्याचे, म्हणजे कृष्णाकाठचे. त्यांच्या तालुक्यात पाणी होते, ऊस होता, त्यांनी उभा केलेला हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखाना होता. दुष्काळी तालुक्यांना पाणी देणे म्हणजे एका अर्थी आपल्याच भागाच्या पाण्याला वाटेकरी आणणे. तरीही पाणी असलेल्या गावचा हा माणूस पाणी नसलेल्यांच्या परिषदेचा पुढारी झाला. गणपतरावांनी आपल्या तालुक्यासाठी पाणी मागितले यात नवल नाही. ते त्यांचे कर्तव्यच होते. परंतु ज्याच्याकडे पाणी आहे त्याने दुसऱ्यासाठी ते मागणे ही दुर्मीळ गोष्ट होय. या दोघांची सोबत झाली म्हणूनच ती मागणी एका तालुक्याचे गाऱ्हाणे न राहता न्यायाचा प्रश्न झाली.

चळवळीची गती आणि योजनांची गती यांत मात्र फार अंतर पडले. कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलणारी टेंभू योजना आणि मिरज तालुक्यातून निघणारी म्हैसाळ योजना यांची कामे निधीअभावी वर्षानुवर्षे रेंगाळली. पाणी टप्प्याटप्प्याने उंचावर चढवायचे म्हणजे पंप आले, वीज आली आणि विजेचे बिल आले. बिल थकले की पंप बंद, हा खेळ शेतकऱ्यांनी पुष्कळदा पाहिला. तरीही हळूहळू या योजनांचे पाणी सांगोल्याच्या शिवारात उतरले. नीरा उजव्या कालव्याचे पाणी त्या तालुक्याच्या काही भागाला मिळत होतेच. त्यात कृष्णेची भर पडली. १९६२ साली पहिल्यांदा मत दिलेल्या शेतकऱ्याच्या नातवाने ते पाणी पाहिले. एका मागणीला एवढा काळ लागावा, ही त्या आमदाराच्या चिकाटीची साक्ष आहे, तशीच आपल्या व्यवस्थेच्या दिरंगाईचीही.

कापसाविना सूत

पश्चिम महाराष्ट्रात आमदारकीचा पाया बहुधा साखर कारखान्यात असतो. उसाला पाणी लागते आणि सांगोल्यात पाणी नव्हते. गणपतरावांनी तेथे सहकारी सूतगिरणी उभी केली. ज्या तालुक्यात कापूस नावापुरताही पिकत नाही तेथे सूतगिरणी काढणे अनेकांना वेडेपणाचे वाटले असेल. परंतु कापूस बाहेरून आणता येतो. गावातल्या रिकाम्या हातांना बाहेर पाठवावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. राज्यातल्या कित्येक सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, कित्येकांची यंत्रे भंगारात गेली. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी मात्र चांगल्या कारभाराचे उदाहरण म्हणून सांगितली गेली.

शेतीतही तालुक्याने स्वतःची वाट काढली. बोर आणि डाळिंब ही कमी पाण्यावरची फळे येथील माळरानावर रुजली. शेततळी आणि ठिबक यांच्या आधाराने डाळिंबाच्या बागा वाढल्या, आणि सांगोल्याचे डाळिंब दूरदूरच्या बाजारांत जाऊ लागले. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला रवाना झाली, ही गोष्ट त्या तालुक्याचा पूर्वेतिहास ठाऊक असणाऱ्याला सहज ओलांडून जाता येणार नाही. याचे श्रेय एकट्या आमदाराला देणे अर्थातच चुकीचे ठरेल. ते मुख्यतः कष्टाळू शेतकऱ्यांचे आहे. रोगाने बागा गेल्या तेव्हाही तोटा त्यांनीच सोसला. परंतु कमी पाण्यात नेटका संसार करण्याची शहाणीव आणि अधिक पाण्यासाठी भांडण्याची जिद्द या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात एकत्र नांदल्या, आणि त्यांतली दुसरी जिवंत ठेवण्याचे काम त्या आमदाराने केले.

दीर्घत्वाचे मोजमाप

अकरा विजय हा देशातला उच्चांक असल्याचे कधी कधी लिहिले जाते. ते बरोबर नाही. तमिळनाडूचे एम. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले. मात्र त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळचे के. एम. माणी यांनी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ पासून तेरा वेळा विजय मिळवला, आणि ओमन चंडी यांनी पुदुप्पळ्ळीतून बारा वेळा. आमच्या राज्यात संगमनेरचे बाळासाहेब थोरात १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आले आणि २०२४ मध्ये पराभूत झाले. करुणानिधी आणि चंडी मुख्यमंत्री झाले, माणी आणि थोरात दीर्घकाळ मंत्री राहिले. सत्ता जवळ असली की दीर्घ कारकिर्दीला टेकू मिळतो. गणपतरावांना तो टेकू चारेक वर्षे सोडता कधीच नव्हता. त्यांचे वेगळेपण आकड्यापेक्षा येथे आहे.

तथापि दीर्घकाळ निवडून येणे हा स्वतः गुण मानावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. शासन आपल्या अधिकाऱ्यांच्या बदल्या करते आणि धर्मप्रांतातही धर्मगुरूंना ठरावीक वर्षांनी धर्मग्राम बदलावे लागते. कोणीही एका जागी मालक होऊन बसू नये, हा त्यामागील शहाणपणा आहे. आमदाराच्या बदलीचा आदेश काढण्याचा अधिकार फक्त मतदारांना आहे. जेथे पैसा, दहशत किंवा जातीचे गणित यांनी हा अधिकार कागदावरच राहतो, तेथे दीर्घ आमदारकी ही संस्थानिकी होते. सांगोल्याने हा अधिकार १९७२ आणि १९९५ मध्ये वापरून दाखवला. त्यामुळे उरलेल्या अकरा वेळच्या कौलाला अर्थ प्राप्त झाला.

या कारकिर्दीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. इतका मान मिळवलेल्या नेत्याभोवती त्याचा पक्ष राज्यभर वाढला नाही. उलट तो सांगोला, रायगड अशा थोड्या बेटांपुरता उरला. तालुक्यातही पुढची फळी अखेर घरातूनच आली. २०१९ मध्ये त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. तो मतदारांचा निर्णय आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. परंतु कार्यकर्त्यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या पक्षात साठ वर्षांनंतरही घराबाहेरचा वारस उभा राहू नये, ही गोष्ट त्या पक्षाने विचार करावा अशी आहे.

खडकवासल्याने घ्यावयाचा बोध

२००८ च्या पुनर्रचनेत खडकवासला हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला. २००९ मध्ये त्याचे पहिले आमदार रमेश वांजळे निवडून आले. २०११ मध्ये त्यांच्या अकाली निधनानंतर पोटनिवडणूक झाली. तेव्हापासून २०१४, २०१९ आणि २०२४ धरून भीमराव तापकीर चार वेळा निवडून आले आहेत. मतदारसंघ तरुण आहे आणि झपाट्याने शहर होत आहे. २०२१ मध्ये खडकवासल्यासह २३ गावे पुणे महापालिकेत आली. धरण डोळ्यांसमोर असूनही समाविष्ट गावांतल्या नव्या वसाहतींना टँकरची वाट पाहावी लागते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलेन-बारे आजाराची साथ पसरली, तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न किती गंभीर आहे हे सर्वांना कळून चुकले. येथल्या आमदाराने हे प्रश्न सभागृहात लावून धरावेत, ही अपेक्षा रास्तच आहे.

परंतु आणखी एक अपेक्षा आहे, आणि ती आमदाराइतकीच आम्हां मतदारांकडून आहे. खडकवासला, दौंड आणि इंदापूर हे तिन्ही विधानसभा मतदारसंघ बारामती या एकाच लोकसभा मतदारसंघात मोडतात. म्हणजे कालव्याचे तोंड, मध्य आणि शेपूट ही तिन्ही एकाच खासदाराला मत देतात. पुणे शहराने मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलले की शेपटाकडच्या शेतकऱ्याचे आवर्तन हुकते. हा वाद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापर्यंत गेलेला आहे आणि दर उन्हाळ्यात तो नव्याने पेटतो. कालवा समितीची बैठक होते, आकडे मांडले जातात, आणि तोंडाशी असलेला बोलतो तोंडाचे, शेपटाशी असलेला बोलतो शेपटाचे. यात चूक कोणाचीच नाही. प्रत्येक जण आपल्या मतदारांचे मांडतो. मात्र तेवढ्याने न्याय होत नाही.

सांगोल्याच्या आमदाराची पाच दशके शेपटाकडच्या माणसाचा आवाज काय साधू शकतो ते सांगतात. वाळव्याच्या नागनाथअण्णांचे आयुष्य सांगते की तोंडाशी बसलेल्यानेही तो आवाज आपला मानला तर कामाला वेग येतो. सांगोल्याला गणपतराव मिळाले, कारण त्या तालुक्याने त्यांना पुन्हा पुन्हा निवडले. धरणाशेजारच्या मतदारांनी आपल्या प्रतिनिधीला, तो कोणत्याही पक्षाचा असो, गळक्या जलवाहिन्यांविषयी, सांडपाण्याच्या पुनर्वापराविषयी आणि इंदापूरच्या हुकलेल्या आवर्तनाविषयी एकाच बैठकीत प्रश्न विचारले पाहिजेत. आपल्या नळाच्या पलीकडे पाहणारा आमदार हवा असेल, तर आधी तसा मतदार असावा लागतो.